पुंजी हाती येण्यापूर्वी

परळ-लालबागच्या घरांत एके काळी दिवस उजाडत असे तो गिरणीच्या भोंग्याने. कोणी उठावे, कोणी निजावे, तव्यावर भाकरी केव्हा पडावी, हे तोच ठरवी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही आणि हजारो कामगार कामावर परतलेच नाहीत. पुढील काळात गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या, तेव्हा उरलेल्यांपैकी अनेकांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली. शासकीय सेवकास निवृत्तीची तारीख नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठाऊक असते. गिरणगावात ती न सांगता आली. गावी परतलेले असे चाकरमानी सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पंचायत सदस्यांच्या परिचयाचे असतील.

स्वेच्छानिवृत्तीची एकरकमी रक्कम आली, तेवढा पैसा त्या घराने एकदम कधी पाहिलेला नव्हता. देणी, मुलीचे लग्न, गावच्या घराचे छप्पर यांत तो गेला, तर त्यास उधळपट्टी म्हणता येणार नाही. परंतु खर्ची पडत होते ते पुढील वीस वर्षांचे दरमहाचे उत्पन्न.

एक उदाहरण घेऊ. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीनुसार ग्रॅच्युइटी काढताना अखेरच्या मासिक वेतनास २६ ने भागून १५ दिवसांची रक्कम काढतात व तीस सेवेच्या वर्षांनी गुणतात. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि सेवा ३० वर्षे असल्यास ४,५०,००० रुपये होतात. साडेचार लाख हा आकडा भारदस्त वाटतो. तोच २० वर्षांच्या २४० महिन्यांत वाटला तर दरमहा १,८७५ रुपये येतात. व्याज मिळेल हे खरे, पण महागाईही थांबणार नाही. हा भागाकार पतिपत्नींनी एकत्र बसून रक्कम येण्यापूर्वी करावा. ती आल्यानंतर घरात केवळ मागण्यांची बेरीज चालते.

शासकीय सेवकांस व शिक्षकांस हे सारे दूरचे वाटेल. निवृत्तिवेतन असलेल्यांच्या बाबतीत ते काहीसे खरेही आहे. मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांना अंशदायी योजना लागू करण्यात आली; त्यातील सेवकांनी दरमहाची वर्गणी खात्यात जमा होते किंवा नाही, हे स्वतः पाहत राहावे. सर्वांनीच निदान दोन वर्षे आधी सेवापुस्तक उघडून जन्मतारीख, रजा व वेतननिश्चितीच्या नोंदी तपासाव्यात. लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन निवृत्तीपर्यंत तसेच राहिलेले आढळते!

ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारणतः साठीपुढील व्यक्तींसाठी आहे. परंतु ५५ ते ६० या वयातील सेवानिवृत्तांस निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तीत खाते उघडता येते. ठेवीची मर्यादा २०२३ पासून ३० लाख रुपये असून व्याज दर तिमाहीस मिळते.

गिरगाव-दादरच्या अनेक घरांत निवृत्तीबरोबर आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो जागा मुलांच्या नावे करण्याचा. येथे घाई नको. जागा द्यायचीच असेल, तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ चा आधार त्या अटीवरच उभा आहे.

पैशाचा हिशेब कागदावर मांडता येतो, वेळेचा मांडणे अवघड. गिरण्यांच्या काळी एका खोलीत अनेक कामगार आळीपाळीने निजत. निम्मे लोक पाळीवर असत, म्हणून ती खोली पुरे. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या निवृत्त गृहस्थाचीही अडचण हीच आहे. सकाळी दहा वाजता घरात बसावे कोठे, हा त्याचा प्रश्न शब्दशः खरा असतो. इतकी वर्षे ती वेळ गृहिणीची होती. तिच्या कामात त्याने सूचना करू लागणे हे तर फारच वाईट.

तेव्हा बाहेरची जागा आधीच शोधावी. दादरला १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, वाडीवाडीत भजनी मंडळे आहेत, शिक्षकांना रात्रशाळांची वाट मोकळी आहे. तेथील ओळख नोकरीत असतानाच, रविवारी जाऊन करून घ्यावी. गणेशोत्सव मंडळास 'माजी उपसंचालक' नको असतो. त्यास हवा असतो पावत्या फाडणारा आणि जमाखर्च लिहिणारा माणूस.