उचल फिटेपर्यंत

कृष्णाकाठच्या उसाच्या फडात पहाटे चारलाच तोड सुरू होते. नवरा जमिनीलगत घाव घालतो, ऊस आडवा करतो. मागून बायको पाचट साळते, शेंड्याचं वाढं छाटते आणि त्याच वाढ्यांच्या आळ्यात मोळी बांधते. दुपारी ट्रॉली आली की दोघंही मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढतात. गाडी रात्री आली तर भरणी रात्री. या दोघांना मिळून हिशेबात एक नाव आहे : कोयता.

मजुरीचा दर टनावर ठरतो, आणि तो ठरतो पुण्यात. एका बाजूला कारखान्यांचा साखर संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगारांच्या संघटना. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत तोडगा निघाला. 34 टक्के वाढ मिळाली, दर टनाला 273 रुपयांवरून 366 झाला आणि मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाचं कमिशन एका टक्क्यानं वाढलं. कोयता बंद ठेवण्याचा इशारा दिल्याशिवाय एवढी वाढ पदरात पडली नसती. पिकलेला ऊस उभा राहिला तर साखरेचा उतारा घसरतो, तोडलेला वाळला तर वजन घटतं. कारखान्याला थांबणं परवडत नाही. मजुराची सौदाशक्ती म्हणतात ती हीच.

पण फडात बसून ऐकलं की कळतं, मजुराचा खरा सौदा त्याआधीच, उन्हाळ्यात गावाकडे उरकलेला असतो. बीडच्या डोंगरपट्ट्यात लग्न, दवाखाना, बी-बियाणं यांसाठी पैसा लागतो तेव्हा मुकादम उचल, म्हणजे तोडीतून फेडायची आगाऊ रक्कम, घेऊन दारात येतो. कोयत्यामागे लाखाच्या आसपास उचल आता नवलाची राहिलेली नाही. त्या घडीला गरज मजुराला असते. कारखान्याला गरज लागते दिवाळीनंतर, आणि तोवर मजूर बांधला गेलेला असतो. ‘पैसं आधीच खाल्ल्यात, आता भाव कशाचा करायचा?’ मोळी आवळता आवळता एक मावशी म्हणाल्या.

मी हिशेब मांडून पाहिला. 1 लाखाची उचल 366 च्या दरानं फेडायला 273 टन तोडावे लागतात. एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन तोडतो. रोज दोन टन धरले तरी 137 दिवस, एकही खाडा न धरता. 2024-25 चा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला आणि मार्चअखेर बहुतेक कारखाने बंद झाले होते. उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत चढते. गाडी आली नाही, पावसानं फडात चिखल झाला, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या स्लिपबॉयनं लांबचा फड दिला, तर त्या दिवसाचा पैसा नाही. थांबण्याची मजुरी कुठल्याच करारात नाही. वाढ्यांच्या पेंढ्या गावात विकून भाजी-मीठ सुटतं, तेवढाच हाताशी येणारा रोकडा.

हे फक्त इथलंच नाही. दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या ऊसपट्ट्यात, यान ब्रेमन या डच अभ्यासकानं खानदेशातून गेलेल्या तोडकऱ्यांचं जिणं अनेक वर्षं पाहिलं. उचलीत अडकलेली अशीच माणसं तिथेही होती, आणि एकक तिथेही कोयताच होतं.

त्या एककात बाईची मजुरी दिसतच नाही. उचल नवऱ्याच्या हातात पडते, हिशेब मुकादमाच्या वहीत त्याच्याच नावावर असतो. ती आजारी पडली की कोयता अर्धा होतो आणि खाडा दोघांच्या अंगावर लागतो. पाळीच्या दिवसांतही फड चुकवता येत नाही. टक्केवारीवर भांडणं झालीच पाहिजेत, पण मला त्याहून निकडीच्या वाटतात त्या दोन गोष्टी. उचलीची नोंद मुकादमाच्या वहीत न राहता कारखान्याच्या कागदावर, मजुराला वाचता येईल अशी हवी. आणि तोडीचे पैसे दोन नावांवर, दोन खात्यांत जमा व्हायला हवेत. पुढच्या वाटाघाटीला बसणाऱ्या संघटनांनी दराच्या आधी हे टेबलावर ठेवावं.