मुसीकाठचा पेंग्विन

सन २०००च्या आगेमागे हैदराबादेत घरी संगणक आणणाऱ्या माणसाला विंडोज ही वेगळी विकत घ्यायची वस्तू आहे, याचा पत्ताच नसायचा. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या 'सीटीसी'त जायचं, मदरबोर्ड, हार्ड डिस्क, रॅम असं एकेक निवडायचं. दुकानातला पोरगा सगळं डब्यात बसवून द्यायचा आणि चहा येईस्तोवर विंडोजही 'टाकून' द्यायचा. पावतीवर त्याचा उल्लेख नसे. विंडोजऐवजी वापरता येणारं लिनक्स फुकट आहे म्हणून गरीब देशांत त्याचं एवढं कौतुक झालं, असं परदेशी लेखांतून नेहमी सांगितलं जातं. आमच्या शहरापुरतं तरी ते खरं नाही. इथे दोन्ही फुकटच होतं. एक दुकानदार टाकून द्यायचा, दुसरं आपलं आपण, रात्र जागून टाकावं लागायचं.

तरीही रात्र जागणारे होतेच. थोडे होते, पण चिवट होते.

आमचं मलकपेठ म्हणजे काही हायटेक सिटी नव्हे. इकडे रेसकोर्स, दूरदर्शनचा मनोरा आणि कांद्याचा घाऊक बाजार. त्या बाजारात महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात, त्यामुळे मराठी हमखास कानावर पडते. चादरघाटचा पूल ओलांडून मुसी नदी पार केली की कोटी, आणि कोटीत गुजराती गल्ली. वायर, कॅपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, जुने मोडेम, जे म्हणाल ते तिथे मिळायचं. लिनक्सच्या नादी लागलेल्या माणसाचे निम्मे प्रश्न या गल्लीत सुटत. उरलेले निम्मे सुटायला त्याच नादाचं दुसरं माणूस शोधावं लागे.

आता थोडं मागे जायला हवं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते उघडून बघता यावं, बदलता यावं आणि दुसऱ्याला देता यावं, हा त्यांचा आग्रह. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहितोय असं कळवलं. या दोन धाग्यांतून जे विणलं गेलं ते लिनक्स, आणि पेंग्विन हे त्याचं चिन्ह. हे सगळं इंटरनेटवरून जगभर पसरत होतं, पण आपल्याकडे अडचण इंटरनेटचीच होती. टेलिफोनच्या तारेवरून सबंध लिनक्स उतरवून घ्यायचं तर आठवडे गेले असते, आणि फोनचं बिल बघून घरच्यांनी संगणकासकट बाहेर काढलं असतं.

ती अडचण एका मासिकाने सोडवली. 'पीसीक्वेस्ट'ने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. त्यामागे होते अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, अभियांत्रिकीचं शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये, आणि कर्मभूमी बंगळूर. पुढे २००१ मध्ये त्यांनी 'लिनक्स बंगळूर' ही परिषद उभी केली, तीच नंतर 'फॉस डॉट इन' झाली. माणूस फटकळ होता. नुसत्या भक्तांपेक्षा स्वतः काही लिहिणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला तो मानायचा. २०१३ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो गेला. भारतातल्या एका अख्ख्या पिढीने लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते त्या सीडीवर. आमच्याकडेही ते असंच आलं: रद्दीच्या दुकानात अंक एकीकडे नि सीडी दुसरीकडे, आणि दुकानदाराला दोन्हींची किंमत सारखीच.

सीडी मिळाली तरी लिनक्स मिळालं असं नव्हे. आधी हार्ड डिस्कचे तुकडे पाडायचे. त्यात चूक झाली की विंडोज जायचं, आणि त्यासोबत घरातल्या कुणाचा तरी बायोडेटाही. मग संगणक सुरू होताना जो छोटा प्रोग्रॅम सूत्रं हातात घेतो, त्याचं नाव लिलो. तो आपल्याच नावाची चार अक्षरं पडद्यावर एकामागून एक उमटवायचा आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक टप्पा पार पडल्याची खूण. 'एल' आणि 'आय' येऊन गाडी थबकली की समजायचं, पहिला टप्पा झाला पण दुसरा उठला नाही. बहुधा डिस्कच्या मोजमापात गफलत आहे. किती जणांनी त्या दोन अक्षरांकडे पहाटेपर्यंत टक लावली असेल! त्यातून निभावलं की चित्रमय पडदा आणायचा. त्यासाठी मॉनिटरचे आडवे-उभे कंपनांक आकड्यांत लिहून द्यावे लागत, आणि आकडा भलता पडला तर जुने मॉनिटर चिरका आवाज काढत.

शेवटचा अडथळा मोडेमचा. संगणकाच्या आत बसवलेले स्वस्त मोडेम हे अर्धेमुर्धेच मोडेम असत. उरलेलं काम विंडोजमधला प्रोग्रॅम करी, म्हणून त्यांना 'विनमोडेम' म्हणत. लिनक्सला ते दिसायचेच नाहीत. मग कुणीतरी सांगायचं, बाहेरून जोडायचा मोडेम घे, तो कुणाच्याही भरवशावर नसतो. तसा जुना मोडेम गुजराती गल्लीत निघाला. दुकानदाराने आधीच बजावलं, "चलेगा तो तुम्हारा, नहीं चला तो भी तुम्हारा." तो चालला. डायल करतानाची त्याची ती शिट्टी ऐकून घरात मी एकटाच खूश होतो.

एवढ्या खटाटोपाचा फायदा काय, हे विचारणाऱ्याला पटेल असं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. नोकरीसाठी म्हणावं, तर अमीरपेठेत क्लासेसच्या पाट्यांनी इमारती झाकल्या होत्या, आणि त्यांवर दर हंगामात नवं नाव चढायचं; लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीचं नाव तिथे बऱ्याच उशिरा दिसू लागलं. माझ्या मते खरी ओढ साधी होती. बिघडलं की उघडून बघता येतं, याची. स्कूटर स्वतः खोलणाऱ्या माणसांच्या देशात संगणक मात्र सीलबंद का असावा, असा काहीसा तो प्रश्न होता. शिवाय एकट्याला जमत नसल्यामुळे माणसं जोडली जायची. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा 'प्लग' हा गट जमला, आणि २००३ पासून सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' हा वार्षिक मेळा भरू लागला. त्या मेळ्यात कॉलेजातली पोरंही बिनदिक्कत व्याख्यानं द्यायची.

हैदराबादेत हा नाद करणं म्हणजे वाऱ्याविरुद्ध चालणं होतं. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं भारतातलं विकास केंद्र इथेच काढलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं. सरकार, वर्तमानपत्रं, मुलींचे बाप, सगळ्यांचा कल एकाच बाजूला. २००२ मध्ये बिल गेट्स भारतात येऊन गेले. त्यांच्याशी झालेल्या भेटीचा उल्लेख राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी पुढच्या वर्षी मे महिन्यात पुण्यात हिंजवडीच्या आयआयआयटीत केलेल्या भाषणात केला, आणि भारतासारख्या देशाने मुक्त सॉफ्टवेअरचीच वाट धरावी असं स्पष्ट सांगितलं. इथल्या लिनक्सवाल्यांना त्या भाषणाने फार बळ आलं. राष्ट्रपतीच बाजूने बोलल्यावर घरी वाद घालायला मुद्दा मिळाला.

पण या चळवळीला इथे मूळ धरू दिलं ते भाषेने, आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्या दिवाळी अंकांसारखे किती तरी अंक वर्षानुवर्षं 'श्रीलिपी'त जुळवले गेले. ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची टंकप्रणाली. त्या जमान्यातला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला आणि तिथे तो टंक नसला की 'कविता'ऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे, कारण आत मराठी नव्हतीच, नुसतं चित्र होतं. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हा खेळ संपवला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती 'मंगल' या टंकासह, आणि तो घडवला होता कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. लिनक्सवर मात्र सुरुवातीला ऱ्हस्व इकार अक्षराच्या नंतर उमटायचा, जोडाक्षरं पाय मोडलेल्या अवस्थेत उभी राहायची. हे सुधारायला कंपनी नव्हती. मुंबईत 'इंडलिनक्स' गटाने आणि जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतल्या 'इंडिक्स' प्रकल्पाने ते काम अंगावर घेतलं. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' ही टंकमाला मुक्त परवान्याने खुली केली, आणि तिचे मूळ टंक त्याच मॉड्युलर इन्फोटेकचे होते. पुढची बरीच वर्षं रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून तिची निगा राखली गेली.

निगा म्हणजे काय, याचा एक नमुना. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या टंकात 'दर्या' नीट उमटतो, 'दऱ्या'चं मात्र गाडं अडतं. 'आचार्यांचा' आणि 'आचाऱ्यांचा' यांत गल्लत झाली, तर विद्वानाच्या हाती झारा जातो. मराठीतला हा आडवा रफार आणि मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' यांसाठी कुणीतरी मराठी माणसानेच तक्रार नोंदवावी लागते, उदाहरणं द्यावी लागतात, दुरुस्ती तपासावी लागते. सीलबंद सॉफ्टवेअरमध्ये ही तक्रार कुठे द्यायची हेच कळत नाही. इथे दार उघडं होतं, आणि दारातून आत जाऊन स्वतः दुरुस्ती करायलाही मज्जाव नव्हता.

हैदराबादेत हेच काम तेलुगूसाठी झालं. 'स्वेच्छा' ही इथली संघटना, आधीची फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची आंध्र शाखा. २००५ मध्ये तिने तेलुगूतली कार्यप्रणाली काढली, डेबियन लिनक्सवर बेतलेली. मेनू, सूचना, खिडक्यांवरचे शब्द, सगळं तेलुगूत. बरंचसं काम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी केलं. गावाकडून आलेली, इंग्रजीचा धसका घेतलेली पोरं संगणक तेलुगूत बोलवायला बसली होती. माझ्या एका तेलुगू मित्राने मला इनस्क्रिप्टची गंमत तेव्हाच दाखवली. भारत सरकारने प्रमाण मानलेल्या या कळफलकात स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, आणि लिपी कुठलीही असो, जागा त्याच. इंग्रजी 'के'च्या कळीवर मी बोट ठेवलं की 'क' उमटतो, त्याने ठेवलं की तेलुगूतला 'क'. एकाच यंत्रावर, कळफलक न बदलता, आम्ही आळीपाळीने टंकलेखन करायचो. शहराच्या दोन भाषा इतक्या सुखाने एका खुर्चीत बसलेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत.

याउलट वरून आलेल्या योजनांची कथा. शाळकरी मुलांसाठीच्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा गाजावाजा निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये केला. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये त्याला नकार दिला, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट इथल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. त्यांत लिनक्सवर चालणारी 'शुगर' नावाची मांडणी होती, फोल्डर नाहीत, नुसती मुलाच्या उद्योगांची रोजनिशी. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनी तिथे मनापासून लक्ष घातलं. मुलं रमली, पण योजना देशभर गेली नाही. गोव्यात त्याआधीच परदेशातून वापरलेले संगणक आणून, त्यावर लिनक्स चढवून शाळांना दिले गेले होते, आणि मला तो मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. केरळने तर सरकारी शाळांचं संगणक शिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. तिथे शिक्षकांना आधी तयार केलं, यंत्रं नंतर.

सरकारच्या स्वस्त 'आकाश' टॅब्लेटचा हैदराबादशी थेट संबंध. ५ ऑक्टोबर २०११ ला केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी तो जाहीर केला, कंपनी डेटाविंड, आणि जुळणी झाली हैदराबादच्या क्वाड कंपनीत. किंमत सव्वादोन हजारांच्या घरात, आणि आत अँड्रॉइड, म्हणजे गाभा लिनक्सचाच. पण ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि बोट दाबून दाबून दुखवणारा पडदा! दोन्ही कंपन्यांचं पुढे फाटलं. नंतर आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांनी सुधारलेल्या आवृत्तीची धुरा उचलली. तिथेच प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे धडे मराठीसकट अनेक भारतीय भाषांत केले. ते धडे 'आकाश'पेक्षा कितीतरी जास्त टिकले.

आता अँड्रॉइडमुळे लिनक्सचा गाभा कांद्याच्या बाजारातल्या हमालाच्याही खिशात आहे, आणि त्याला किंवा त्याच्या फोनला त्याचं काही नाही. टेबलावरच्या संगणकावर मात्र लिनक्सवाले अल्पसंख्यच राहिले. 'स्वेच्छा' थांबलेली नाही. अलीकडे तिच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी जुन्या तेलुगू गोष्टींची पानं स्कॅन केली, शुद्ध केली, आणि त्यावर गोष्टी सांगणारं एक छोटं भाषिक प्रारूप तयार झालं. नाव दिलं चंदमामाचं. हे तेच मासिक, जे आपल्याकडे 'चांदोबा' म्हणून घरोघरी येत होतं. मराठीत असं काम करायला पानं पुष्कळ आहेत. स्कॅनरपाशी बसणारी पोरं जमवावी लागतील.

सीटीसीत पुन्हा थोडी हालचाल आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार काढून घेतला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चीप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. कंपन्यांनी काढून टाकलेले धडधाकट लॅपटॉप त्यामुळे स्वस्तात येतात. त्यावर उबुंटू किंवा मिंट टाकायला आता अर्धा तास पुरतो, वाय-फाय आपोआप लागतं, मराठी पहिल्याच पडद्यावर निवडता येते. मलकपेठेहून मेट्रोच्या लाल मार्गाने अमीरपेठ, तिथे गाडी बदलून परेड ग्राउंड्स, आणि तिथून सीटीसी जवळच. घेताना बॅटरी किती तास चालते ते दुकानातच बसून पाहा आणि बिजागरी हलवून बघा. कार्यप्रणालीची चिंता करू नका.