शिलेदारी सुटली तरी बारगिरी उरते

बडोद्याच्या नागरवाडा, रावपुरा, दांडिया बाजार अशा जुन्या वस्त्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. ज्या गायकवाडांच्या आश्रयाने ती येथे रुजली, त्यांचे राज्यच मुळी घोडदळाच्या बळावर उभे राहिलेले. ‘सेनाखासखेल’ आणि ‘समशेर बहाद्दर’ या त्यांच्या पदव्या त्याची साक्ष देतात. १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आलेल्या बाल सयाजीरावांच्या शिक्षणातही लेखनवाचनाच्या जोडीला कुस्ती आणि घोड्याची रपेट होतीच. आज नागरवाड्याच्या गल्लीत घोडा बांधावयाचा म्हटले तर जागा कोठली? अशा घरातील एखादी मुलगी कोठे तरी घोड्यावर बसावयास शिकली, तरी पुढे विवाह, नोकरी, अपत्ये आणि वडीलधाऱ्यांची आजारपणे यांच्या ओघात तिची सवारी सुटते, आणि ती सुटणे सर्वांना स्वाभाविकच वाटते. ते खरोखरच अटळ आहे काय?

मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराला घोडा सरकारातून किंवा सरदाराच्या पागेतून मिळे. मानमरातबात फरक असला, तरी मांड दोघांचीही पक्कीच असावी लागे. हा भेद आजही उपयोगी आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. त्याला रोज वैरण, दाणा व खरारा लागतो आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. विशीत हौसेने घेतलेला घोडा मालकाच्या संसाराबरोबरच म्हातारा होत जातो. ज्याला हा भार पेलत नाही, त्याने घोडा सोडावा. सवारी सोडण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या घोड्यावर आठवड्यातून दोन दिवस बसणारा हा आजचा बारगीरच होय.

आयुष्य पालटले तरी सवारी न सोडण्याचे सर्वपरिचित उदाहरण झाशीचे आहे. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव निवर्तले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरी नुकताच दत्तक घेतलेला लहान मुलगा होता. तत्कालीन चालीरीतींप्रमाणे त्यांचा व्यायाम तेथेच थांबावयाचा. परंतु झाशीचा वेढा प्रत्यक्ष अनुभवलेल्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात वैधव्यातील राणीच्या दिनक्रमात व्यायामाचा व घोडा फिरविण्याचा उल्लेख आहे. १८५८ च्या एप्रिलमध्ये किल्ला सोडून सुमारे १०० मैलांवरील काल्पी त्यांनी घोड्यावरून गाठली, ती या नित्याच्या सरावाच्या जोरावर. आणीबाणीच्या रात्री कोणी सवारी शिकत नसतो.

शरीर मात्र आपले हिशोब मागते. गरोदरपणी खरा धोका पडण्याचा असतो. म्हणून त्या काळात खोगिरापासून दूर राहणे आणि डॉक्टरांचा सल्ला मानणे हेच शहाणपण. प्रसूतीनंतर पोटाचे व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात आणि घोड्यावरचा तोल बराचसा त्यांच्यावरच अवलंबून असतो. ते पूर्ववत होईपर्यंत दुडकी व भरधाव चाल वर्ज्य करून, साध्या चालीनेच प्रारंभ करावा. दीर्घ खंडानंतर परतणाऱ्याने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जुने कौशल्य मनाला आठवते, परंतु मांड्यांचे बळ ओसरलेले असते. अपघात होतो तो या तफावतीत. उतारवयात कंबर व खुबे आखडले, तर रिकिबीत पाय अडकवून अंग वर खेचण्यापेक्षा चौथऱ्यावरून बसावे. त्याने घोड्याच्या पाठीलाही कमी ताण पडतो. घोडा शांत निवडावा आणि शिरस्त्राण कधीही विसरू नये.

एवढी पथ्ये पाळून माणूस किती दूर जाऊ शकतो? डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली, गरोदर असताना, पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढताना त्यांना दुसऱ्याचा हात लागे. परंतु पायांच्या इशाऱ्यांचे काम शरीराचा भार व तोल यांवर सोपवून त्यांनी नवी सवारी घडविली. घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची ड्रेसाज ही ऑलिंपिक स्पर्धा १९५२ साली हेलसिंकी येथे स्त्रियांना प्रथमच खुली झाली. त्यात त्यांनी रौप्यपदक मिळविले आणि १९५६ सालीही पुन्हा मिळविले. जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांवरून घोडा उडविण्याच्या स्पर्धेत उतरले. मध्यंतरी नोकरी सांभाळून त्यांनी सवारी चालू ठेवली. २००८ साली बीजिंगला आणि २०१२ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, लंडनला ते पुन्हा ऑलिंपिकमध्ये दिसले. मात्र उड्यांच्या जागी आता ड्रेसाज आले होते.

या सर्वांनी सवारी टिकविली ती तिचे रूप पालटून. अडचण आली की घरात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, ‘आता हे थांबवावयाचे ना?’ त्याऐवजी काय कमी करावयाचे, हे विचारले पाहिजे: वेग, दिवस, की मालकी? या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर सापडते. विशेषतः स्त्रीच्या बाबतीत तो घरच्यांनीच विचारावयास हवा. कारण तिची दोन तासांची रपेट शक्य होते ती त्या वेळात घरचे मूल दुसरे कोणी सांभाळते म्हणून. पूर्वी स्वारामागे मोतद्दार असे; आज ते काम कुटुंबाचे आहे.