स्पोर्ट्स बाइक पुढून नीट चालत नाही? दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखायचे?

परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या बोरीसारख्या गावात यामाहा आर१५, केटीएम आरसी किंवा पल्सर आरएस २०० या गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. काही नव्या असतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या. अशा गाडीची तक्रार बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते : ‘गाडी पुढून बरोबर चालत नाही.’ मग शॉकअप खोलला जातो, कोनसेट बदलला जातो, पैसे जातात आणि कधी कधी दोष तसाच राहतो. याचे कारण सोपे आहे. या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे दोष दडलेले असतात. ते वेगळे करायचे तर ‘काय खराब झाले?’ याआधी ‘त्रास नेमका कधी होतो?’ हे विचारावे लागते.

पुढचे चाक सरळ कशामुळे राहते?

हँडल ज्या तिरप्या अक्षावर फिरते, ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. स्पोर्ट्स बाइकमध्ये ते साधारण ९० ते १०० मिलिमीटर असते. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचे चाक ढकलताच आपोआप रांगेत येते, तसेच ट्रेलमुळे गाडीचे चाक सरळ राहते. गाडीचा पुढचा भाग खाली गेला की ट्रेल कमी होते आणि गाडी चपळ पण चंचल होते. मागचा भाग बसला की ट्रेल वाढते आणि गाडी वळायला सुस्त होते. म्हणून पुढच्या तक्रारीचे मूळ मागच्या चाकातही असू शकते.

त्रास कधी होतो, यावरून काय कळते?

- हळू चालवताना हँडल जड वाटते, गाडी सरळ रेषेत राहत नाही : हवा कमी किंवा कोनसेट जास्त आवळलेला वा झिजलेला.
- ब्रेक लावताना हँडलमध्ये ‘टक्’ असा धक्का बसतो : कोनसेट सैल. धक्क्याऐवजी ब्रेकचा लिव्हरच बोटांखाली धडधडत असेल, तर आधी डिस्क तपासावी.
- ब्रेक लावताच पुढचा भाग एकदम खाली जातो : शॉकअपचे ऑइल किंवा स्प्रिंग.
- वळणावर गाडी बाहेर फेकल्यासारखी रुंद जाते : मागचा शॉकअप बसलेला किंवा टायर सपाट झालेला.
- गाडी सतत एकाच बाजूला ओढते : चाके एका रेषेत नाहीत किंवा पडझडीत पुढचा भाग पिळवटला आहे. हे पाहण्यासाठी हँडल सोडू नका, फक्त पकड सैल करा.

तपासणी हवेपासूनच का सुरू करायची?

कारण ती फुकट आहे आणि तिचा परिणाम सर्वात मोठा असतो. तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधली हवा सुमारे दीड पीएसआयने कमी होते. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या पहाटे १० च्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात बरोबर भरलेली हवा पंक्चर नसतानाही थंडीत चार-साडेचार पीएसआयने कमी भरते. पुढच्या टायरला हा फरक मोठा आहे. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी. योग्य आकडा गाडीच्या चेनकव्हरवर, चिमट्यावर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

त्यानंतर टायर पाहावा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना टायर नक्षी शिल्लक असूनही कडक होतो आणि पकड सोडतो. मराठवाड्यातल्या लांब सरळ रस्त्यांवर मागचा टायर मधोमध सपाट होतो. अशी गाडी वळणात झुकायला आधी नकार देते आणि मग एकदम कलंडते. चालवणाऱ्याला वाटते, हँडल बिघडले. दिसायला भारदस्त म्हणून मूळ मापापेक्षा रुंद टायर टाकला, तरी टायरची गोलाई बदलते आणि गाडी वळायला जड होते.

कोनसेट कसा तपासायचा?

पुढचे चाक जमिनीपासून उचलावे लागते. त्यासाठी मागे पॅडॉक स्टँड आणि इंजिनखाली भक्कम आधार हवा. एकट्या साइड स्टँडवर गाडी तिरपी करून हे करू नये. एका माणसाने गाडी धरावी. दुसऱ्याने शॉकअपची खालची टोके धरून पुढे-मागे हलवावीत. खुटखुट जाणवली तर कोनसेट सैल आहे. मग हँडल एका बोटाने हळूहळू डावी-उजवीकडे फिरवावे. ते बरोबर मध्यावर अडकत असेल, तर बेअरिंगला खड्डे पडले आहेत. बहुतेक वेळ चाक सरळ असते आणि रस्त्याचे हादरे त्याच एका जागी बसतात, म्हणून खाच मध्येच पडते. असा कोनसेट आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो. याच वेळी चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवले की चाकाच्या बेअरिंगची ढिलाईही कळते.

शॉकअप केव्हा दोषी धरायचा?

चकचकीत पाइपवर तेलाचा ओला थर दिसला तर ऑइल सील गेले आहे. हे तेल ब्रेकच्या डिस्कवर उतरू शकते, त्यामुळे अशी गाडी चालवू नये. तेल गळत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. पाइपवर केबल टाय बांधून ती सीलला टेकवावी. गाडी उभी धरायला कुणाला तरी सांगून आपण हळूच बसावे, हळूच उतरावे. मग पुढचा भाग वर उचलून सील आणि टाय यांतले अंतर मोजावे. शॉकअपच्या एकूण चालीच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा एवढे ते असावे. फार जास्त असेल तर स्प्रिंग दमली आहे किंवा वजनाच्या मानाने मऊ आहे.

गाडी पडली असेल तर लगेच पाइप बदलण्याची घाई नको. किरकोळ पडझडीत दोन्ही पाइप नुसते पकडीत पिळवटतात. बोल्ट सैल करून, सरळ करून पुन्हा ठरवलेल्या जोराने आवळले की काम होते. पाइप खरोखर वाकला आहे का, हे तो काढून सपाट पृष्ठावर फिरवल्यावरच कळते. हे काम मेकॅनिकचे.

आणि मागचे चाक?

चिमट्यावर दोन्ही बाजूंना चेन आवळण्याच्या खुणा असतात. त्या सारख्या नसतील तर मागचे चाक तिरपे बसते आणि गाडी एका बाजूला ओढते. रोज डबलसीट फिरणाऱ्या गाडीत मागचा शॉकअप बसला असेल तर पुढचे चाक हलके पडते. प्रीलोड एक पायरी वाढवून पाहावा.

रस्त्याचा दोष वेगळा कसा काढायचा?

मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्यामुळे चाचणी नेहमी एकाच ओळखीच्या तुकड्यावर, त्याच वेगाने आणि रहदारी नसताना करावी. ताशी ४० ते ६० किलोमीटर पुरेसे आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लिहून ठेवावी. हवा, कोनसेट आणि ऑइल एकाच दिवशी बदलले तर गाडी सुधारेल, पण दोष कशात होता हे कळणार नाही.

वेगात हँडल डावी-उजवीकडे झटके देऊ लागले तर ते जोरात आवळून धरू नये आणि पुढचा ब्रेक दाबू नये. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, अंग पुढे झुकवावे आणि थ्रॉटल हळूहळू कमी करावा. अशा गाडीला स्टीअरिंग डॅम्पर बसवला की थरथर दबते, पण सैल कोनसेट सैलच राहतो. तपासणी होईपर्यंत ती गाडी वेगात नेऊ नये.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘शॉकअप बघा’ असे सांगण्यापेक्षा ‘५० च्या वेगात ब्रेक लावला की हँडलमध्ये टक् होते, हवा बरोबर आहे, टायर दोन वर्षांचा आहे’ असे सांगावे. एवढ्या माहितीवर मेकॅनिक थेट कोनसेटकडे जातो आणि शॉकअप खोलण्याचा खर्च वाचतो.