नावेचे कागद – भाग 6 : चौघांची बोट, चार-चार आणे

विंचूरहून एका वाचकांचा प्रश्न आलाय आणि तो नेमका माझ्या लाडक्या विषयावरचा आहे. चार चुलतभावांनी मिळून एक जुनी फायबरची मोटरबोट घेतली, पैसे सारखेच घातले. आता ते विचारतात, नोंदणी थोरल्याच्या एकट्याच्या नावावर केली तर बाकीच्यांचे चार-चार आणे दिसणार कुठे?

इंग्लंडमध्ये 1820 च्या दशकापासून जहाजाची मालकी 64 वाट्यांत मोजतात, आजही. आपल्या जुन्या रुपयाचे पैसेही 64 च होते: सोळा आणे, आण्याला चार पैसे. या आकड्याची खुबी अशी की तो सहा वेळा निम्मा होतो आणि अपूर्णांक येत नाही. चौघांना सोळा-सोळा वाटे, विषय संपला!

आपल्याकडे 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढच्याच वर्षीच्या मर्चंट शिपिंग कायद्यात जहाजाचे वाटे ठरले दहा. या दोन गोष्टींचं नातं जोडायचा मोह मी आवरतो. पण दहाला चाराने भाग जात नाही आणि त्या कायद्यात वाट्याचा तुकडा वेगळा नोंदवायची सोय नव्हती. मग चौघांनी करायचं काय? प्रत्येकी दोन वाटे घ्यायचे आणि उरलेले दोन चौघांच्या सामाईक नावावर ठेवायचे.

अर्थात हा हिशेब समुद्रावरच्या जहाजांचा. धरणात किंवा नदीत चालणारी इंजिनाची बोट 2021 च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली येते, हे नेहमीच्या वाचकांना पाठ असेल. पण वाट्यांची शिकवण इथेही लागू पडते. बोटीला सातबारा नसतो. ती चल मालमत्ता. त्यामुळे मालकीचा पुरावा उभा राहतो तो खरेदीच्या कागदावर. एकट्याचंच नाव लागलं, तर उद्या गिऱ्हाईक त्या एकट्याशीच व्यवहार करेल आणि अपघात झाला तर पोलीसही आधी त्यालाच शोधतील. म्हणून विक्रीपत्रावर आणि नोंदणीच्या अर्जावर चौघांचीही नावं घाला. शिवाय आपसांत स्टॅम्प पेपरवर करार करा: वाटा किती, विमा आणि दुरुस्तीचा खर्च कोण कसा भरणार, एखादा वारला तर त्याच्या वारसाचं काय.

विंचूरच्या वाचकांनी जाता जाता नांदूर मधमेश्वरचंही विचारलंय. बोटीची नोंदणी झाली म्हणजे पाण्यात उतरायची परवानगी मिळाली, असं नाही. ते पक्षी अभयारण्य आहे. तिथे वनखात्याची परवानगी हवीच. इतर धरणांवर आधी जलसंपदा खात्याकडे विचारा.

आणि करारात एक कलम विसरू नका: ज्याला बाहेर पडायचं असेल त्याने आपला वाटा आधी उरलेल्या तिघांना देऊ करायचा, किंमत कशी ठरवायची तेही आजच लिहून. बोट नवी-नवी असताना हे बोलणं सोपं जातं.