त्रिकोणात दडलंय काय?

कॉलरच्या मागे टोचणारं ते लेबल. आपण काय करतो? कात्री घेतो आणि कचकन उडवतो! थांबा, आधी त्यावरचा इटुकला त्रिकोण बघा. (कुटुंबनियोजनाचा नव्हे हो! तो लाल आणि उलटा.) हा त्रिकोण ब्लीचचा.

कोड सोप्पा आहे. त्रिकोण रिकामा? कुठलंही ब्लीच चालेल. आत दोन तिरप्या रेघा? क्लोरीनवालं नको, फक्त ऑक्सिजनवालं. वर फुली? बाटलीला हातसुद्धा लावू नका! आणि हो, रिकामा त्रिकोण ही नुसती परवानगी आहे, हुकूम नाही.

माहीत आहे का, हा त्रिकोण चक्क ट्रेडमार्क आहे! १९६३ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या 'गिनेटेक्स' या संस्थेकडे लेबलवरच्या अशा धुलाईच्या चिन्हांचे हक्क आहेत. भूमितीच्या सरांना सांगू नका.

जपानी मंडळींचा थाट मात्र वेगळाच. २०१६ च्या डिसेंबरपर्यंत तिथल्या लेबलवर ब्लीचसाठी त्रिकोण नव्हता, शंकूपात्र होतं. हो, शाळेच्या प्रयोगशाळेतलं! मग जग वापरतं तीच चिन्हं त्यांनीही घेतली आणि २२ चिन्हांची झाली ४१. कपडे धुवायचे की परीक्षेला बसायचं?

ब्लीच नव्हतं तेव्हा? युरोपात तागाचं कापड महिनोन्‌महिने कुरणावर उन्हात पसरायचे आणि मध्ये मध्ये चक्क आंबट ताकात बुडवायचे. आपल्याकडे त्या ताकाची कढी झाली असती! १७८५ च्या सुमारास बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनची जादू दाखवली आणि महिन्यांचं काम झटपट होऊ लागलं. पॅरिसजवळच्या झावेल गावात हे क्लोरीनचं ब्लीच-पाणी बनायचं, म्हणून फ्रेंच लोक ब्लीचला आजही 'ओ द झावेल' म्हणतात. पुढे १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटने ब्लीचच्या पावडरीचं पेटंट घेतलं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ना, तीच ब्लिचिंग पावडर!

आता पैठणीवाल्या वहिनींनो, कान टवकारा. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनं. क्लोरीनचं ब्लीच त्यांना पिवळं पाडतं आणि मग चक्क खाऊन टाकतं. लायक्राशीही त्याचं जमत नाही.

माहीत आहे का, ब्लीच बरेचदा डाग काढतच नाही? ते फक्त डागाचा रंग मारतं. डाग तिथेच, पण मिस्टर इंडिया! गंजाच्या डागावर तर क्लोरीन लावूच नका, तो आणखी पक्का होतो.

हळदीचा डाग मात्र खरा नाटकी. साबण लागला की लालभडक! घाबरू नका. पांढरा कुर्ता धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उडतो. ब्लीच फुकट, बिल शून्य.

आणि डाग घालवायचे सोडून कपड्यावर बिब्बा घालणारे कोण? आपले परीटदादा! कोणता कपडा कोणाचा, हे कळावं म्हणून बिब्ब्याच्या रसाने खूण करायची जुनी पद्धत. धुऊन धुऊन कपडा विरतो, पण खूण हलत नाही. इंग्रजीत बिब्ब्याचं नावच 'मार्किंग नट'!

शेवटचं, आणि हे गमतीत घेऊ नका: ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.