गंजलेल्या गाडीचा उंबरठा



शाळा सोडून मला आता तीस वर्षे होत आली. बेळगावातून निघालो तो नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्थिरावलो. गेल्या सुट्टीत शाळेत आलो तेव्हा विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "धातूंचे क्षरण हा धडा मुले पाठ करतात, परीक्षेत गुणही मिळवतात. पण गंज काय करू शकतो हे त्यांना दिसत नाही. तू जुनी गाडी घरी दुरुस्त केलीस ना, त्याबद्दल लिही." बाईंची आज्ञा मोडण्याची हिंमत आजही नाही, म्हणून हा लेख.

माझी गाडी म्हणजे १९७२ सालची एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. माझी गाडी विकत घेतली तेव्हा लालभडक रंगात चमकत होती. विकणाऱ्याने सांगितले, "पत्रा अगदी ठणठणीत आहे." मी रंगावर भाळलो.

घरी आणल्यावर चाक काढण्यासाठी दाराखाली जॅक लावला. गाडी वर उचलली जाण्याऐवजी कर्रर्र आवाज झाला आणि जॅकच आत घुसला. तपकिरी पापुद्र्यांचा ढीग जमिनीवर पडला.

रात्री मामांना फोन केला. उद्यमबागेत त्यांचे आयुष्य पत्र्याच्या कामात गेले. ते म्हणाले, "अरे, बाजारात मडकं घेताना सुद्धा आपण वाजवून घेतो. गाडी वाजवली नाहीस? आता एक लोहचुंबक घे आणि सगळीकडे फिरव."

चुंबक फिरवला. बॉनेटवर, डिकीवर तो घट्ट चिकटला. दारांच्या खाली आणि मागच्या चाकांच्या कमानीपाशी मात्र गळून पडला. तिथे पत्रा नव्हताच. होती ती लांबी, म्हणजे पुट्टी, आणि तिच्यावर सुरेख रंग.

उंबरठा इतका महत्त्वाचा का?

ट्रकला खाली भक्कम चासी असते आणि वरची बॉडी तिच्यावर बसवलेली असते. एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीलाही अशी वेगळी चासी होती. एमजीबीला ती नाही. पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून जी पेटी तयार होते, तीच गाडीचा सांगाडा. त्यातही उघड्या गाडीला टप नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग धरून ठेवण्याचे बरेचसे काम दाराखालची पोकळ पट्टी करते. तिला इंग्रजीत सिल म्हणतात, आपण उंबरठा म्हणू. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि तळाची कॅसल रेल असे तिचे भाग असतात. हा उंबरठा सडला तर गाडी मध्येच वाकू लागते. जॅकवर उचलल्यावर दार अडकू लागले, तर ती धोक्याची पहिली खूण.

गंज आतून का खातो?

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असेल तर त्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि क्रिया वेगाने होते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर चाकांमागे जाऊन बसते. गोव्यात किंवा रत्नागिरीला समुद्राजवळच्या घरांचे गज लवकर का सडतात, याचे उत्तरही तेच.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाला आतून फोड येतात. शिवाय तो सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे खालचे लोखंड गंजतच राहते. अ‍ॅल्युमिनियमचे तसे नाही. त्याचा ऑक्साईडचा थर पातळ, पण घट्ट चिकटणारा असतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. सुरुवातीच्या एमजीबी गाड्यांचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे असे.

आता लक्षात येईल, लांबी भरून काम का भागत नाही. मामांच्या शब्दांत, "लांबी म्हणजे तापलेल्या पोराच्या तोंडाला पावडर लावणं." आतला ओलावा तसाच, आतला गंज तसाच.

दुरुस्ती कशी केली?

पहिली पायरी सुरक्षेची. बॅटरी, पेट्रोलची टाकी, सीट आणि गालिचे बाहेर काढले. गाडी जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर, सर्व बाजूंनी समपातळीत ठेवली. अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवले. जुन्या रंगात आणि सांध्यांत शिसे असू शकते, म्हणून घासताना मास्क आणि चष्मा हवाच.

दुसरी पायरी आधार देण्याची. मी उत्साहाने ग्राइंडर उचलला होता. मामांनी फोनवरूनच थांबवले. "आधी टेकू दे. खांब काढण्याआधी छताला टेकू देतो की नाही आपण?" मग दाराच्या पुढच्या आणि मागच्या खांबांना जोडणारी लोखंडी पट्टी तात्पुरती बसवली आणि दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवल्या. हे न करता उंबरठा कापला असता, तर गाडी वाकली असती आणि नवा पत्रा त्या वाकड्या अवस्थेतच जोडला गेला असता. नंतर दार कधीच नीट बसले नसते.

तिसरी पायरी कापण्याची. एका वेळी एकच बाजू. गंज दिसतो तेवढाच पत्रा कापायचा नसतो, चकचकीत निरोगी पत्रा लागेपर्यंत जायचे असते. मला वाटले होते वीतभर कापावे लागेल. प्रत्यक्षात पूर्ण उंबरठा आणि फ्लोअरची कड गेली.

चौथी पायरी जोडण्याची. नवे भाग तयार मिळतात. ते आधी शिकंज्यांनी पकडून, दार लावून पाहिले. मग सीओटू वेल्डिंगने थोड्या थोड्या अंतरावर टाके मारले. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. सलग वेल्डिंग केले तर तापून वेडावाकडा होतो. म्हणून एक टाका इकडे, दुसरा दूर तिकडे, आणि मध्ये थंड होऊ द्यायचे. वेल्डिंग मी आधी भंगार पत्र्यावर दोन महिने शिकलो. तरीही सांगाड्याचे टाके एका जाणत्या वेल्डरकडून तपासून घेतले. घरी काम करणे म्हणजे एकट्याने करणे नव्हे.

शेवटची पायरी रक्षणाची. जिथे पत्रा शाबूत होता पण वरवर गंज होता, तिथे तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण लावले. त्याने गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ आठवा. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि पृष्ठभागावर तयार झालेला फॉस्फेटचा थर त्याचे रक्षण करतो, असे संशोधक सांगतात. त्यानंतर प्रायमर, सांध्यांत सीलर आणि रंग. सर्वात शेवटी पोकळ उंबरठ्याच्या आत नळीने पातळ मेण फवारले आणि पाणी निघून जाण्याची तळाची छिद्रे मोकळी ठेवली. छिद्र बुजले की उंबरठ्याची बादली होते.

आणि लांबी? तीही लावली, पण निरोगी पत्र्यावर, वेल्डिंगचे उंचसखल लपेल इतकी पातळ. लांबी वाईट नाही, तिच्याकडून पत्र्याचे काम करून घेणे वाईट.

या सगळ्याला अकरा महिने लागले. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणजे मी लांबी भरून गाडी तशीच चालवली असती, तरी कोणी अडवले नसते. पण शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसते. मी गाडी स्वेच्छेने तपासणीला नेली. तपासनीसाने टोकदार हत्यार उंबरठ्यावर ठिकठिकाणी दाबले, टकटक वाजवले. आवाज खणखणीत आला.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. एक छोटा लोहचुंबक घ्या आणि आईबाबांना विचारून घरातल्या स्कूटरवर किंवा गाडीवर फिरवा. काही भाग मुळातच प्लॅस्टिकचे असतील. पण लोखंडी पत्रा असायला हवा तिथून चुंबक गळून पडला, तर बाबांना नक्की सांगा. वर रंग कितीही चमकत असला तरी.